ठेवणीतलं मशीन दर हंगामाला अडतं: शिळं पेट्रोल ओळखा, काढा, पुन्हा होऊ देऊ नका

गवत कापून झालं की ब्रश कटर माळ्यावर जातो. आंब्याची शेवटची फवारणी आटोपली की फवारणी पंप पडवीच्या कोपऱ्यात सरकतो. जनरेटरची आठवण तर वीज गेल्याशिवाय होत नाही. सहा महिन्यांनी दोरी ओढायला घ्यावी तर मशीन ढिम्म. मिस्तरी कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, साफ करून देतो, हंगाम निभतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रकार.

बहुतेक वेळा मशीनला काहीही झालेलं नसतं. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत राहिलेलं थोडंसं पेट्रोल बिघडलेलं असतं. टाकी उपसली तरी वाटी रिकामी होत नाही, आणि पेट्रोलचा कॉक बंद करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं तरीही होत नाही. मेन जेटच्या, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या मुख्य बारीक भोकाच्या, खाली थोडं पेट्रोल उरतंच, आणि नेमकं तेच सुकून जेट बुजवतं.

पेट्रोल बिघडतं म्हणजे काय होतं

तीन वेगवेगळ्या गोष्टी घडतात. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी फरक समजून घ्या.

पहिली, हलका भाग उडून जातो. थंड इंजिन पहिल्या ओढीला पेटतं ते पेट्रोलमधल्या लवकर वाफ होणाऱ्या भागावर. तो गेला की पेट्रोल दिसायला तसंच राहतं, पण थंड इंजिनात पेटत नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीला हवेचं छिद्र असतं, त्यामुळे तिथलं पेट्रोल टाकीतल्यापेक्षा कितीतरी लवकर बिघडतं.

दुसरी, चिकटा धरतो. पेट्रोलमधले काही घटक हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून डिंकासारखा पदार्थ तयार करतात. उष्णतेने हे वेगात होतं, तांब्या-पितळेच्या सान्निध्यात आणखी वेगात. आणि कार्ब्युरेटरचे जेट असतात पितळेचे! लोड नसताना पेट्रोल देणाऱ्या छोट्या, म्हणजे पायलट जेटचं भोक ०.४ मिमीच्या आसपास असतं. त्याच्या कडेला चिकट्याचा पातळ थर बसला तरी इंजिनाची चाल बिघडते.

तिसरी, पाणी. पंपावर आता मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये लिटरमागे २०० मिली इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषून पेट्रोलमध्ये विरघळवून ठेवतं, पण एका मर्यादेपर्यंतच. ती ओलांडली किंवा रात्री गारठा पडून ती मर्यादाच खाली आली, की पाणी आणि बरंचसं इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतं. इंजिन ओढतं ते नेमकं तळातून. हा थर पेटत नाही, शिवाय कार्ब्युरेटरच्या जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर पांढरी भुकटी आणि पितळेवर हिरवट थर चढवतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कोकणातली हवा कितीही दमट असली तरी नुसत्या हवेतून इतकं पाणी यायला बराच काळ लागतो. पाणी प्रत्यक्षात येतं ते टाकीच्या झाकणाच्या तडकलेल्या रबरातून, पन्हाळीखाली ठेवलेल्या मशीनमधून आणि धुऊन न वाळवलेल्या नरसाळ्यातून. तळाला थर सापडला तर आधी झाकणाचं रबर तपासा.

किती दिवस टिकतं? इंजिनाच्या टाकीत ३० दिवसांच्या पुढे राहिलेल्या पेट्रोलवर भरवसा ठेवू नका. बहुतेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत हीच मुदत सापडेल. घट्ट झाकणाच्या, गळ्यापर्यंत भरलेल्या आणि सावलीत ठेवलेल्या कॅनमध्ये साधारण तीन महिने निघतात. पत्र्याच्या तापणाऱ्या शेडमध्ये दोन्ही मुदती कमी धरा.

दोरी ओढण्याआधी बरणी

चाळीस वेळा दोरी ओढून खांदा दुखवून घेण्याआधी हे करा. स्पार्क प्लगची कॅप काढा. मशीन मोकळ्या हवेत घ्या. जवळ चूल, गॅस गीझर, देवासमोरचा दिवा यांतलं काही पेटतं नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत लांबवर सरकत जाते.

लोणच्याची रिकामी, कोरडी काचेची बरणी घ्या. कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल बरणीत घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं हलवू नका. मग उजेडासमोर धरा.

तळाशी वेगळा थर किंवा घरंगळणारे थेंब दिसले तर पाणी आहे. रंग चहासारखा झाला असेल आणि वासाला झणका नसून जुन्या वॉर्निशसारखा आंबूस दर्प येत असेल, तर चिकटा धरलाय. लाल-तपकिरी कण दिसले तर टाकी आतून गंजली आहे. ड्रेन उघडूनही काहीच आलं नाही, तर वाटी सुकली आहे किंवा टाकीतून पेट्रोल खाली पोहोचत नाही. आणि पेट्रोल स्वच्छ दिसलं म्हणून ते चांगलं असेलच असं नाही. हलका भाग उडालेलं पेट्रोल डोळ्यांना कळत नाही. तारीख आठवत नसेल तर काढून टाका.

चार-स्ट्रोक इंजिनात याच वेळी ऑइलची कांडी बघा. पातळी वर गेली असेल आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या गोळ्याची) पेट्रोल अडवणारी नीडल चिकटून उघडी राहिली आहे आणि टाकीतलं पेट्रोल सिलिंडरमार्गे क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भागात, उतरलं आहे. असं इंजिन सुरू करायचं नाही. प्लग काढून, प्लगच्या भोकासमोर तोंड न धरता, पाच-सहा वेळा दोरी ओढून सिलिंडर मोकळा करा आणि ऑइल पूर्ण बदला. १६० सीसीच्या नेहमीच्या इंजिनाला सुमारे ०.६ लिटर १०डब्ल्यू-३० लागतं. पेट्रोलने पातळ झालेल्या ऑइलवर दहा मिनिटं चालवलं तरी बेअरिंग आणि पिस्टनला त्याची किंमत मोजावी लागते.

लक्षणावरून जागा ओळखा

एअर फिल्टरच्या बाजूने पेट्रोलचे दोन-चार थेंब दिल्यावर इंजिन पेटतं आणि लगेच विझतं: प्लग, कॉइल, कॉम्प्रेशन ठीक आहे, इंधन येत नाही. प्लग बदलण्यात पैसे घालू नका.

चोक ओढलेला असतानाच चालतं, चोक सोडला की बंद पडतं: जेट अर्धवट बुजला आहे. चोक हवा अडवून मिश्रणाची उणीव भरून काढतो, एवढंच. चोकवरच काम उरकणारे बरेच जण आहेत. सवय वाईट, कारण कमी इंधनावर इंजिन जास्त तापतं.

लोड नसताना रेस एका लयीत वर-खाली होते: पायलट जेट. लोड दिला की दम तोडतं: मेन जेट किंवा टाकीची जाळी. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकतं: नीडल किंवा फ्लोट. १०-१५ मिनिटं चालून बंद पडतं आणि झाकण सैल केलं की पुन्हा चालतं: झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. या शेवटच्या प्रकारात कार्ब्युरेटर उघडणं म्हणजे वेळ वाया.

वाटीचा कार्ब्युरेटर: जनरेटर, पाण्याचा पंप, पॉवर वीडर

जुनं पेट्रोल टाकीतून पूर्ण काढा. कॉकखाली गाळाची छोटी पेली असते. ती १० मिमीच्या पान्याने उघडून आतली जाळी धुवा, ओ-रिंग जपून ठेवा. टाकीत अर्धा लिटर ताजं पेट्रोल घाला, हलवा आणि तेही काढून टाका. मग पुन्हा अर्धा लिटर ताजं घालून कॉक उघडा आणि वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून धार बघा. सलग धार हवी. थेंब-थेंब येत असेल तर अडथळा जेटच्या आधी, म्हणजे झाकण, जाळी, पाइप किंवा नीडलपाशी आहे.

धार ठीक असेल तर ड्रेन बंद करा आणि सुरू करून बघा. फक्त पेट्रोल शिळं झालेलं असेल तर गाडी इथेच मार्गी लागते. नाही लागली तर उघडा.

कॉक बंद करा. वाटीखालचा १० मिमीचा बोल्ट काढला की वाटी हातात येते. तिचं रबर बाजूला ठेवा, त्यावर कार्ब क्लीनर पडू देऊ नका. रबर फुगतं आणि परत खाचेत बसत नाही. मधल्या खांबात मेन जेट असतो. त्याच्या खाचेत पूर्ण भरेल असाच रुंद, सपाट स्क्रूड्रायव्हर वापरा. अरुंद पात्याने पितळेची कड तुटते. जेटच्या मागे बारीक भोकांची नळी असते, ती खाली पडेल, हात धरा. तिची आडवी भोकंही साफ करायची असतात आणि हमखास राहून जातात.

पायलट जेट बऱ्याच जणांना सापडतच नाही. होंडाच्या जीएक्स१६० इंजिनात आणि त्याच्या नकलांमध्ये तो वरच्या बाजूला, रेस कमी-जास्त करायच्या स्क्रूखाली दबलेला असतो. स्क्रू किती आटे फिरला ते मोजून काढा, मग काळ्या प्लॅस्टिकच्या डोक्याचा जेट सरळ वर ओढा. त्याच्या टोकाचं भोक उजेडाकडे धरून बघा. स्वच्छ जेटमधून सुईच्या टोकाएवढा गोल, लख्ख ठिपका दिसतो. ठिपका अंधूक किंवा वेडावाकडा असेल तर चोर सापडला.

आता साफसफाई. जेट कार्ब क्लीनरमध्ये २०-३० मिनिटं भिजू द्या. मग १ चौरस मिमीच्या लवचिक वायरचं टोक सोलून त्यातली एकच तार घ्या. ती साधारण ०.२ मिमी जाडीची, मऊ तांब्याची असते. तीच भोकातून फिरवा. टाचणी, सुई, ड्रिल बिट वापरलं की भोक मोठं होतं आणि मग ते इंजिन कायम जास्त पेट्रोल पितं, काळा धूर टाकतं. नंतर कार्ब्युरेटरच्या प्रत्येक वाटेत क्लीनर मारा आणि दुसऱ्या टोकातून फवारा बाहेर येतो का ते बघा. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण फवारा कुठून उलटेल याचा नेम नसतो. शेवटी हवा मारा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने काम होतं.

नीडलचं रबरी टोक नखाने चाचपा. त्यावर गोल खाच पडलेली असेल तर नवी घाला. फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटला आहे.

जोडताना गॅस्केटचा, म्हणजे सांध्यातल्या पातळ पट्ट्यांचा, क्रम चुकवू नका. इंजिन आणि कार्ब्युरेटरमधल्या काळ्या इन्सुलेटरच्या दोन्ही बाजूंना गॅस्केट असतं आणि त्यांच्या भोकांचे आकार वेगळे असतात. उलटसुलट बसलं तर हवेची वाट बंद होते आणि जेट लख्ख असूनही रेस वर-खाली होत राहते. खोलतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. प्लग काढलाच आहे तर गॅप ०.७ ते ०.८ मिमी आहे ना, तेही बघून घ्या.

ब्रश कटर आणि पाठीवरचा पंप

यांत बऱ्याचदा वाटी नसते, आत लवचिक पडदा असलेला कार्ब्युरेटर असतो. इथे रबर आणि पाइप आधी जातात, चिकट्याचा नंबर नंतरचा.

सुरुवात प्रायमरच्या, म्हणजे पेट्रोल वर ओढायला दाबतात त्या फुग्यापासून. फुगा दाबला की दबलेलाच राहतो: टाकीतला फिल्टर किंवा ओढणारा पाइप बुजलाय. दाबायलाच कडक लागतो: परतीचा पाइप बंद आहे. फुगा वर येतो पण आत नुसते बुडबुडे: पाइपला चीर आहे, बहुतेक टाकीत शिरतो त्या रबराजवळ. सगळं ठीक असेल तर सहा ते आठ दाबांत परतीच्या पाइपमधून बुडबुड्याविना पेट्रोल जाताना दिसतं.

टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने तोंडापर्यंत ओढून काढा. धुऊ नका, बदला. स्वस्तातला असतो. पाइप बोटांत वाकवून बघा. कडक होऊन चिरा दिसत असतील किंवा उलट मऊ, चिकट झाला असेल, तरी दोन्ही पाइप एकदमच बदला. मऊ झालेल्या पाइपचा आतून भुगा होतो आणि तो कार्ब्युरेटरच्या जाळीवर जाऊन बसतो. कार्ब्युरेटर साफ करूनही पंधरा दिवसांत तीच तक्रार येते, त्याचं हे ठरलेलं कारण.

कार्ब्युरेटर उघडलाच तर आतला पडदा कापडासारखा मऊ लागला पाहिजे. पापडासारखा कडकडला किंवा वाकडा झाला असेल तर पूर्ण किट घाला. जोडणीचा क्रम दोन्ही बाजूंना उलट असतो: पंपाच्या बाजूला आधी पडदा, वर गॅस्केट. मीटरिंगच्या, म्हणजे तरफेच्या बाजूला आधी गॅस्केट, वर पडदा. ती छोटी तरफ वाकवू नका. या कार्ब्युरेटरात कॉम्प्रेसरची जोरदार हवाही नको, नॉझलमधली नाजूक झडप उडते.

टू-स्ट्रोकमध्ये पाण्याचा थर जास्त धोकादायक असतो. टूटी, म्हणजे टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं, ऑइल पेट्रोलबरोबर वरच्या थरात राहतं, तळाच्या पाणी-इथेनॉलमध्ये ते नसल्यातच जमा. इंजिनाने तो थर ओढला आणि कसंबसं चाललंच, तर पिस्टनला ऑइल मिळत नाही आणि इंजिन जाम होतं. म्हणून थर फुटलेलं, म्हणजे पाणी तळाला वेगळं झालेलं, मिश्रण हलवून पुन्हा वापरायचं नाही. हलवल्याने ते एकजीव झाल्यासारखं दिसतं, तेवढ्यापुरतंच. नवं मिश्रण पुस्तिकेतल्या प्रमाणात करा: ५०:१ ला लिटरमागे २० मिली, २५:१ ला ४० मिली. त्या दिवशी लागेल तेवढंच करा. अंदाजपंचे झाकणाने मोजू नका, औषधाची मापं असलेली सिरिंज घ्या.

जे उपाय चालत नाहीत

स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवण्याचं रसायन, शिळ्या पेट्रोलमध्ये घालून ते ताजं होत नाही. ते ताज्या पेट्रोलात घालायचं असतं, बाटलीवरच्या प्रमाणात, आणि घातल्यावर दहा मिनिटं इंजिन चालवून कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचवायचं असतं. महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल जास्त दिवस टिकतं ही समजूतही चुकीची आहे. ऑक्टेनचा संबंध इंजिनात बसणाऱ्या ठोक्याशी (नॉकिंगशी), टिकण्याशी नाही. पाणी घालून इथेनॉल वेगळं काढायची युक्ती मोबाइलवर फिरत असते. त्यात इथेनॉल जातं, पण त्याच्याबरोबर ऑक्टेनही उतरतं आणि उरलेल्या पेट्रोलात पाणी राहतं. त्या नादाला लागू नका.

काढलेल्या पेट्रोलचं काय करायचं

गटारात, नाल्यात, विहिरीजवळच्या मातीत ओतायचं नाही, आणि पालापाचोळा पेटवायला तर मुळीच नाही. भाजण्याचे कितीतरी अपघात असेच होतात. थर न फुटलेलं, पाणी-गंज नसलेलं आणि ऑइल न मिसळलेलं पेट्रोल असेल, तर जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटरसायकलच्या टाकीत नऊ भाग ताज्याला एक भाग या हिशेबाने खपवता येतं. फ्युएल इंजेक्शनच्या बीएस-६ गाडीत नको. थोडंसं मशीनचे सुटे भाग धुवायला ठेवा. काळं, पाणी धरलेलं असेल ते धातूच्या बंद डब्यात घालून, वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला विचारून द्या.

साठवायचं असेल तर पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या नकोत. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं, पण भांडं काचेचं असेल तर १ लिटरपेक्षा आणि धातूचं असेल तर २५ लिटरपेक्षा मोठं नको, तेही घट्ट बुचाचं. कॅनवर भरल्याची तारीख मार्करने लिहा.

ठेवताना

हंगाम संपला त्याच दिवशी, मशीन गरम असताना नव्हे तर गार झाल्यावर, टाकी उपसा. मग सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पुन्हा गार होऊ द्या आणि ड्रेन स्क्रू उघडून वाटीतला शेवटचा थेंब काढा. पडद्याच्या कार्ब्युरेटरला टाकी रिकामी करून प्रायमर दहा वेळा दाबा, पुन्हा चालवून संपवा.

पत्र्याची टाकी रिकामी ठेवली की पावसाळ्यात आतून गंजते. तिच्यात दोन चमचे इंजिन ऑइल घालून टाकी सगळीकडे तिरपी करा. पुढच्या वेळी आधी अर्धा लिटर पेट्रोलने खंगाळून घ्या. प्लॅस्टिकच्या टाकीला हा उपद्व्याप नको. काही जण टाकी स्टॅबिलायझर घालून गळ्यापर्यंत भरून ठेवतात. कोरड्या हवेत ते चालतं, पण ई-२० आणि चार महिन्यांचा पाऊस असताना रिकामी टाकीच बरी.

प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिली ऑइल सोडा, दोन-तीनदा हळू दोरी ओढा, प्लग लावा. शेवटी दोरी हळूहळू ओढत जिथे जड लागते तिथे थांबवा. चार-स्ट्रोकमध्ये त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, ओली हवा आत शिरत नाही.

जनरेटरला हे जमत नाही, कारण वीज कधी जाईल ते सांगून जात नाही. त्यात दोन लिटरच पेट्रोल ठेवा. महिन्यातून एकदा पंखा-दिव्यांचा लोड देऊन १५ मिनिटं चालवा. उरलेलं जुन्या कार्ब्युरेटरच्या दुचाकीत घालून जनरेटरमध्ये ताजं भरा. बंद करताना प्रत्येक वेळी आधी स्विच नव्हे, कॉक बंद करा. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारा जुना सेट असेल, तर बंद करण्याआधी पाच मिनिटं परत पेट्रोलवर घ्या. वाटीत रॉकेल राहिलं तर पेट्रोल कितीही ताजं असो, थंड इंजिन पेटणार नाही.